गुरुवारची पाहुणी

तेजलची कूस दोनदा रिकामी झाली, तेव्हा संध्याकाकूंनी देवीपुढे पदर पसरला होता. "आई, या वेळी नातवंड सुखरूप हाती दे. मार्गशीर्षातले सगळे गुरुवार करीन, सवाष्णी जेवू घालीन." आता सुनेला सातवा लागला होता आणि उद्यापनाचा गुरुवार जवळ आला होता.

वाणाचं सामान घ्यायला काकू शेजारच्या कौसाबाईंसोबत बदलापूरहून उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गेल्या. तिथे जिज्ञासा भेटली. तेजलची मैत्रीण, सुट्टीच्या दिवशी लोकांना जुना कॅम्प फिरवून दाखवते.

"काकू, आज भारत-पोलंड मैत्रीची फेरी आहे. चला ना!"

"पोलंड? इथं जीन्सशिवाय काय दिसत नाय बाय," कौसाबाई म्हणाल्या. पण निघाल्या.

जिज्ञासा सांगत होती. महायुद्धात बेघर झालेल्या पोलिश बायकापोरांना आपल्याकडे आसरा मिळाला, कोल्हापूरजवळ त्यांची वस्तीच होती. शिलाई मशिनींची खडखड हळूहळू मागे पडली. एका पडक्या बराकीमागे ती थांबली. जीन्स रंगवण्याचा उग्र वास, गटाराची ओल, आणि मातीत अर्धा रुतलेला एक दगड. वरचं नाव पुसलेलं.

"तेव्हा इथे लष्करी तळ होता. कोल्हापूरच्या वाटेवर इथे एक बाई गेली म्हणतात. बाळंतपणात. बाळही गेलं. नवरा तिकडे लढाईवर."

काकूंचा जीव कळवळला. "म्हणजे सवाष्ण गेली गं! ओटीसुद्धा भरली नसेल कुणी." पिशवीतली पुडी सोडून त्यांनी दगडाला हळदीकुंकू लावलं. आठवडाभर दारोदार जाऊन बोलावणी चालली होती, त्याच सवयीने तोंडून निघून गेलं, "गुरुवारी तिन्हीसांजेला या हं. उद्यापन आहे."

कौसाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "येडी का तू? कोणाला बोलवतेस? घरात पोटुशी पोर..."

काकू हसल्या. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांचे हात गार पडले होते.

गुरुवारी दिवेलागणीला सवाष्णी पाटांवर बसल्या. एक पाट रिकामाच होता; खालच्या मजल्यावरची यायची होती. तेवढ्यात तेजल आतून आली, भिंत धरत. "आई... दुपारपासून बाळ हललं नाही."

तिचा नवरा महेश गाडी काढायला धावला. काकूंनी हातातलं तबक खाली ठेवलं. आणि बंद घरात कुठूनसा वास आला... ओल्या मातीचा, नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा. निरांजनाची ज्योत आडवी झाली.

"आई, यांची ओटी राहिली." तेजल रिकाम्या पाटाकडे बघत होती. "किती गारठल्यात बघा ना..."

कौसाबाईंनी डोळे गच्च मिटले.

काकू पाटापुढे बसल्या. पळायचं कुठे? पाहुणी त्यांचीच होती. त्यांनी खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ सोडली. पाटावरच्या हवेत बोटं बधिर झाली.

"बाई, मीच बोलावलं तुला. तुझी ओटी भरते... माझ्या लेकीची तेवढी रिकामी करू नकोस."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ज्योत सरळ उभी राहिली. तेजलने पोट धरलं.

"आई... हललं! लाथ मारली!"

दवाखान्यात सगळं ठीक निघालं. फाल्गुनात मुलगी झाली.

ओटी घेणारीने त्यातले चार दाणे घरच्या बाईला परत द्यायचे, ही आपली रीत. उद्यापनाच्या त्या रात्री तेजलने पदर झटकला, तर दाणे सांडले होते. तांदूळ नव्हते ते, लांबट, करडे. कॅम्पातल्या सिंधी किराणावाल्याने चिमटीत धरून पाहिले. "भाभी, ये इधर का माल नहीं है. ठंडे मुल्क का अनाज है."

देव्हाऱ्यातल्या कोरड्या डबीत ते ठेवलेत. परवा काकूंनी झाकण उघडलं, तर आत कोंब फुटलेत. हिरवे नाहीत. पांढरे.

म्हणून म्हणते, तुम्हीही उद्यापनाला एक पाट जास्त मांडा. ओटी न भरता गेलेल्या कितीतरी जणी असतील. मांडाल ना?