तीन अंशांची पोकळी

गवंडीकाकांना बोलावलं ते अगदी साध्या कामासाठी. ताईच्या चित्रांच्या खोलीतली एक भिंत तिरकी होती. फार नाही, तीन अंश. पण मी नुकतीच वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडले होते, आणि काटकोनात नसलेली खोली मला तोंडावर खोटं बोलणाऱ्या माणसासारखी वाटायची.

"असू दे गं," ताई म्हणाली. "या तिरकेपणामुळेच उजेड असा घसरत येतो. माझी चित्रं त्या उजेडातूनच निघतात."

"सरळ भिंतीवर जास्त शोभतील."

काकांनी काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कोपऱ्याला लावला आणि बराच वेळ बघत राहिले. "बाई, इथे गवंड्याचा हात चुकलेला नाही. मुद्दाम तिरकी घेतलीय."

"काका, मला भिंत हवीय, कादंबरी नको."

त्यांनी तिरक्या भिंतीपुढे अर्ध्या विटेची सरळ भिंत उभारली. दोन्हींच्या मध्ये बंद पोकळी राहिली. एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य. शेवटची वीट खोलीतूनच बसवली, खोलीच्या बाजूने गिलावा केला. चारही कोपरे काटकोनात. मी हवेतच होते.

तीन आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला. "तुझी ताई जेवत नाही, झोपत नाही. भिंतीला कान लावून बसलेली असते. शुक्रवारी डॉक्टरांकडे नेतोय. ठेवून घेतील बहुतेक."

मी धावत गेले. खोलीभर कोळशाने काढलेली चित्रं पसरली होती. सगळ्यांत एकच जागा: उंच, निमुळती, दोन भिंतींमधली चीर, आतून पाहिलेली.

"आत कुणीतरी काम करतंय," ताई कुजबुजली. "गवंड्याने थापी फिरवल्यासारखं... खर्र... खर्र... ऐक ना."

मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त ओल्या सिमेंटचा वास येत होता.

"घूस असेल."

"घूस थापी फिरवते?" ती हसली. मग तिने माझा हात घट्ट धरला. "मला वेडी ठरवू देऊ नकोस. फोडून बघ. आत काही नसलं, तर मी आपल्या पायांनी दवाखान्यात जाईन."

शुक्रवारी सकाळी काका छिन्नी-हातोडा घेऊन आले. भाऊजी दाराशी घड्याळ बघत उभे होते. कबूल करते, ताई चुकीची ठरावी असंच मला वाटत होतं. माझी भिंत होती ती.

"कुठे फोडू?" काकांनी विचारलं.

मी उगाच कुठेतरी बोट ठेवलं. "इथे."

त्यांनी चार विटा काढून खाली ठेवल्या आणि विजेरी व आत धरायला एक छोटा आरसा माझ्या हातात दिला.

बंद पोकळीची आतली बाजू कशी असते, मला माहीत आहे. विटांच्या सांध्यांतून पिळून आलेला सिमेंटचा माल तसाच वाळतो, खडबडीत. तिथे हातच पोचत नाही, तर साफ कोण करणार?

आरशात दिसली ती नवी भिंत आतून गुळगुळीत होती. वरपासून खालपर्यंत गिलावा. पार त्या निमुळत्या टोकापर्यंत, जिथे माझं बोटही शिरलं नसतं.

काकांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "ओला आहे."

"काका, तुम्ही..."

"आतून? मी कसा करणार, पोरी?"

भाऊजींनी वाकून आरशात पाहिलं. त्यांनी खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि तिचे बारीक तुकडे केले. ताई मोकळी होऊन रडली. "मी म्हणत होते ना... म्हणत होते ना मी..."

भाऊजी तिला धरून बाहेर घेऊन गेले. मीही वळले.

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी काढलेली एक वीट उलटी केली. तिच्या मागे गिलावा नव्हता. दुसरीच्या मागेही नव्हता. चारही विटा मागून कोऱ्या होत्या, फक्त पिळून आलेला माल. आतला गिलावा सगळीकडे होता, पण आम्ही काढल्या त्या चार विटांपाशी येऊन थांबला होता.

दिवसाचं काम संपवताना गवंडी गिलाव्याची कड तिरकी कापून ठेवतो. दुसऱ्या दिवशी नवा माल तिथूनच जोडायचा असतो.

त्या भोकाभोवती चारही बाजूंनी तशी कड कापलेली होती. तिचा उतार आमच्याकडे, खोलीच्या बाजूला होता.