डेल्बर्टच्या ट्रेलरमधला कुत्रा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण हे घडलंय. ऑगस्टच्या ऐन उन्हाळ्यात, तेही भर दुपारी, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, तळ्याकाठच्या एका स्टेट पार्कमध्ये, म्हणजे मुक्कामाला गाड्या लावता येणाऱ्या सरकारी उद्यानात. पार्कचं नाव सांगत नाही. लोक अजूनही तिथे पोराबाळांना घेऊन जातात.

ज्यांच्या बाबतीत घडलं, त्या व्हर्लीन हॅस्केटबाई थापा मारणाऱ्यातल्या नाहीत. नवरा गेल्यावर त्यांनी घर विकलं, आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी घेतली आणि वॉफल नि हेझल या दोन कुत्र्यांसोबत रस्त्याला लागल्या. हा आठवडा या पार्कात, पुढचा त्या. घर म्हणजे ती गाडी आणि घरची माणसं म्हणजे ती दोन कुत्री. बाकी कुणी नाही.

त्या पार्कचा होस्ट होता डेल्बर्ट. होस्टला पगार नसतो. उन्हाळाभर स्वतःचा राहायचा ट्रेलर उभा करायला फुकट जागा, फुकट वीज. बदल्यात सरपण विकायचं, संडास धुवायचे आणि लोकांना नियम सांगायचे. यातलं शेवटचं काम डेल्बर्ट फार मन लावून करायचा.

पहिल्याच दिवशी तो दारात हजर.

"बाई, तुमचं कुत्रं सकाळपासून भुंकतंय. आवरा त्याला."

दोन्ही कुत्री बाईंच्या पायाशी झोपली होती. सकाळभर तिघंही तळ्यावर होती.

"अहो, गाडीत कुणी नव्हतंच."

"मग काय माझे कान भुंकले?" असं म्हणून तो तणतणत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई कपडे घेऊन पार्कच्या धुलाईघरात गेल्या. बाहेर रणरणतं ऊन. कुत्री गाडीत, एसी चालू. आरव्हीवाले सगळेच असं करतात. मशीन फिरत होतं आणि...

भुंकणं ऐकू आलं.

वॉफलचं नव्हे. हेझलचंही नव्हे. घोगरं, एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याचं. अगदी दाराबाहेर.

बाईंनी दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. आवाज थोडा पुढे सरकला होता. त्या दोन पावलं पुढे गेल्या, तर आवाज आणखी पुढे... त्यांच्या गाडीच्या दिशेने.

ओले कपडे तसेच टाकून त्या पळत सुटल्या.

गाडीचा एसी बंद होता.

आत नुसती भट्टी. वॉफल धापा टाकत होता. हेझल उठतच नव्हती. बाईंनी दोघांना ओढून बाहेर काढलं, नळाखाली धरलं. किती तरी वेळाने हेझलने डोळे उघडले, तेव्हा त्यांना रडू फुटलं.

मग त्यांचं लक्ष विजेच्या खांबाकडे गेलं. प्रत्येक जागेला असा एक बुटका खांब असतो, गाडीची वायर त्याला जोडतात. त्यावरचा खटका कुणीतरी खाली पाडला होता.

शेजारच्या जागेवर दरवर्षी येणारी रोझाल्बा मदतीला धावून आली. तिनेच हळू आवाजात सांगितलं. मागच्या ऑगस्टमध्ये याच जागेवर एक म्हातारा उतरला होता. टकर नावाचं म्हातारं कुत्रं गाडीत ठेवून तो डॉक्टरकडे गेला. टकर भुंकत राहिला, म्हणून डेल्बर्टने खटका पाडला. म्हातारा परतला तेव्हा भुंकणं थांबलेलं होतं. कायमचं.

"वीज आपोआप गेली असेल म्हणाला मेला. सगळ्यांना ठाऊक आहे गं, पण डोळ्यांनी कुणी पाहिलं नाही."

व्हर्लीनबाई तडक डेल्बर्टच्या ट्रेलरवर गेल्या.

"खटका तू पाडलास?"

"भुंकणाऱ्या कुत्र्याला एसी कशाला हवा?" डेल्बर्ट म्हणाला. "असं केल्याशिवाय मालकांना अद्दल घडत नाही."

"तुझ्यावर येऊ दे ही वेळ, डेल्बर्ट. तुझ्यावरच येऊ दे."

त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी अख्ख्या पार्काने ऐकलं...

डेल्बर्टच्या ट्रेलरमधून भुंकणं येत होतं. घोगरं. जिवाच्या आकांताने.

डेल्बर्टकडे कुत्रा नव्हता.

लोकांना गंमतच वाटली. आता याची तक्रार कुणाकडे करायची, असं एकमेकांना विचारून हसले. पार्कात रीतच आहे, कुत्रं भुंकलं तर परक्याच्या दारावर जायचं नाही, होस्टला सांगायचं. आता होस्टच्याच दारावर कोण जाणार?

वॉफल आणि हेझल अंग चोरून गाडीखाली शिरली होती. बाई सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. बसूनच राहिल्या.

हळूहळू भुंकण्याचं कण्हणं झालं. मग तेही थांबलं.

संध्याकाळी पार्कचा सरकारी अधिकारी, रेंजर, आला. ट्रेलरचं दार त्याने एका बोटाने उघडलं. कुलूप नव्हतं, कडी नव्हती. बाहेर खांबावरचा खटका मात्र खाली पडलेला होता.

डेल्बर्ट दाराशीच मरून पडला होता. नखं तुटलेली. खिडकीची काच आतून मार बसून तडकली होती. आणि दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खालपर्यंत... ओरखडे.

"आणि कुत्रं कुठे गेलं?" रोझाल्बाने विचारलं.

"कुठलं कुत्रं?" रेंजर म्हणाला. "आत हा एकटाच होता. बिचारा ओरडून ओरडून गेला असणार. इथे एवढी माणसं, आणि कुणालाच ऐकू आलं नाही?"

लोक एकेक करून आपापल्या गाडीकडे वळले.

व्हर्लीनबाई आजही कुत्र्यांना घेऊन फिरतात. टकरने त्यांची पोरं वाचवली, हे त्या न लाजता सांगतात. डेल्बर्टबद्दल वाईट वाटतं का, असं विचारलं तर सरळ नाही म्हणतात.

पण एक गोष्ट त्यांनी रेंजरला सांगितली नाही. त्या दुपारी, भुंकता भुंकता, तो आवाज क्षणभर माणसाचा झाला होता. त्यांना तो स्पष्ट ऐकू आला होता.

आणि त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.