झाडलेली वाळू

इजिप्तमधल्या सक्काऱ्यात ते वर्ष भरभरून देत होतं. मार्चमध्ये रंग शाबूत असलेल्या चार शवपेट्या, जुलैत ममी तयार करण्याची कार्यशाळा, ऑक्टोबरात एका न्यायाधीशाचा पुतळा. डिसेंबरात रईस बिशारीच्या टोळीला थडग्याकडे उतरणाऱ्या नऊ मीटर खोल विहिरीच्या तळाशी लिंपलेलं दार सापडलं. लिंपणावरचे शिक्के जसेच्या तसे. चार हजार वर्षांत आत कोणी गेलेलं नाही, हे उत्खननप्रमुख डॉ. नगला वस्फी दुपारी बाराला पत्रकारांना सांगणार होत्या.

बिशारी कुफ्त गावचा. उत्खननावर रईस म्हणून मुकादमी करणारी ही चौथी पिढी. काम थांबलं की झावळीच्या झाडूनं वाळू झाडत तो उलट पावली बाहेर यायचा, म्हणजे मागून कोणी शिरलं तर पाऊल उमटावं. चोरानं जाताना पुन्हा झाडलं तरी कळावं म्हणून आजोबांनी घराची खूण ठेवली होती: दर तिसरा फटकारा आडवा. घराबाहेर ती फक्त नगलांना ठाऊक होती. चहा पिताना त्यानंच फुशारकीनं सांगितली होती.

त्या सकाळी दाराचे दगड निघाले. राळेचा वास आला. दिव्याच्या उजेडात एक दगडी शवपेटी दिसली, आणि तिच्याभोवती बारीक वाळू. झाडलेली. दर तिसरा फटकारा आडवा.

“रईस,” नगला हळू म्हणाल्या, “हे तुमचं झाडणं आहे.”

“माझ्यासारखं आहे.”

आत कोणी शिरलं होतं असं ठरलं तर शोध बाद होणार होता, आणि बिशारीच्या घराला कुठल्याच कामावर पुन्हा बोलावणं येणार नव्हतं. तो डगमगला नाही.

“शिक्के तुम्हीच तपासलेत, डॉक्टरबाई. आता भिंती ठोका. दुसरी वाट निघाली तर माझी मिशी तुमची.”

फळ्या टाकून, वाळूला न शिवता, नगलांनी तासभर भिंती ठोकल्या. सगळीकडे अखंड खडक. गुडघ्यांवरची चुन्याची भुकटी झटकत त्या हसल्या. त्या काळचे पुजारीही निघताना आपली पावलं झाडून घेत, म्हणाल्या.

“बघा, आमचा धंदा किती जुना आहे,” बिशारी म्हणाला. त्यानं दिवा खाली धरला.

झाडलेल्या वाळूवर माशाच्या खवल्यांसारखा नवा फटकारा जुन्यावर चढतो. झाडणारा कुठून कुठे सरकला, ते त्यावरून कळतं. बिशारीला एरवी एक नजर पुरायची. आज त्यानं तीनदा पाहिलं.

पहिला फटकारा दाराशी होता. शेवटचा शवपेटीला टेकला होता.

“डॉक्टरबाई, हा बाहेर आलेला नाही.”

नगलांनी घड्याळ पाहिलं. “हे वर बोलायचं नाही.”

बाराची घोषणा झोकात झाली. वर्षातला सर्वांत मोठा शोध, पत्रकार म्हणाले. झाकण दुसऱ्या दिवशी उचलायचं ठरलं. संध्याकाळी बिशारीनं विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी ओढली, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली.

सकाळी कुलूप तसंच होतं. तो एकटा शिडीनं उतरला.

आतली वाळू पुन्हा झाडलेली होती. पहिला फटकारा शवपेटीशी, मग दार, मग शिडीचा पाय.

“रईस,” वरून नगलांनी हाक मारली, “तुमच्या तंबूपुढे आज कोणी झाडलं? तुमचंसुद्धा पाऊल दिसत नाही.”

त्यानं शिडीला हात घातला, पण पायरीवर पाय ठेवला नाही.

“शेवटचा फटकारा कुठे आहे?”

वर नगला तंबूपर्यंत जाऊन आल्या.

“तंबूच्या पडद्याच्या आत.”