गुरुवारी सुकणारी भिंत

जुनं घर विकत घेणाऱ्या माणसाला इतिहासाची ओढ असावी लागते. अनंत गजभिये यांना गाडी लावायला जागा हवी होती. हडपसरच्या एका जुन्या कॉलनीतल्या बैठ्या घराला गाडीपुरतं अंगण होतं, म्हणून त्यांनी ते घेतलं. इतिहास घरासोबत फुकट आला. खिडक्या पावसाळ्यात मिटत नव्हत्या आणि उन्हाळ्यात उघडत नव्हत्या. न्हाणीघरातला दिवा स्वयंपाकघरातल्या बटणाने लागायचा. आणि हॉलच्या भिंतीवर ओल होती.

ती बशीएवढी होती तोवर कुणी लक्ष दिलं नाही. मग ती महाराष्ट्राच्या आकाराची झाली. "भंडाऱ्यापर्यंत पोचली बघा," असं त्यांच्या पत्नी शालनताई एकदा म्हणाल्या. गजभिये मूळचे भंडाऱ्याचे, त्यामुळे आता मात्र काहीतरी केलंच पाहिजे असं घरात ठरलं.

काहीतरी करायला दिग्विजय नावाचे कॉन्ट्रॅक्टर आले. घर घेतलं तेव्हा पोर्चच्या फरशा त्यांनीच बसवल्या होत्या. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, डोळे मिटले आणि गच्ची गळते असं सांगितलं. गच्चीवर काळं केमिकल फासलं. ओल वाढली. मग पांढरं केमिकल फासलं. ओल आणखी वाढली. शेवटी मे महिन्यात त्यांनी निदान बदललं. गच्ची ठीक होती, घरच संपलं होतं.

"साहेब, तुमचा माणूस म्हणून सांगतो, विकून टाका," ते म्हणाले. "इथे पलीकडे मांजरी गावात माझ्या मेहुण्याची बिल्डिंगची स्कीम आहे. बारावा मजला. तिथवर चढता चढता ओल दमते."

गजभिये थकले होते. रविवारी या, होकार देतो, असं ते म्हणाले.

हे त्यांच्या मुलीने, दीक्षाने, दाराआडून ऐकलं. ती नुकतीच सातवी पास झाली होती. बाबांच्या बदल्यांमुळे तिचं आजवरचं आयुष्य सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं होतं. तिथे भिंतीत खिळा मारायला परवानगी लागायची, आणि परवानगी येईपर्यंत बदली यायची. या घरात आल्या दिवशी तिने आपल्या खोलीत स्वतःच्या हाताने एक खिळा मारला होता. तो वाकडा होता. त्यावर टांगलेली कुठलीही वस्तू अर्ध्या तासात खाली यायची. पण खिळा तिचा होता, आणि तो सोडून बाराव्या मजल्यावर जायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

"मे महिन्यात गच्ची गळते कशी?" तिने धाकट्या सोनूला विचारलं.

"वरून घाम येत असेल तिला," सोनू म्हणाला. त्याला बाराव्या मजल्याची लिफ्ट आवडणार होती, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नव्हता.

दीक्षाने तपास हाती घेतला. रोज उठल्या उठल्या ती ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारू लागली. शेजारची संस्कृती मदतीला आली. म्हणजे, सोफ्यावर बसून रेघ वाकडी आहे असं सांगू लागली. ओल रोज रेघेबाहेर जात होती. मात्र शुक्रवारी सकाळी ती चक्क आत सरकलेली दिसली. भंडारा कोरडा पडला होता!

"काल काय वेगळं झालं?" दीक्षा म्हणाली.

"काल मी आंघोळ केली नाही," सोनूने कबूल केलं.

"ते रोजचंच आहे. का नाही केलीस पण?"

"गुरुवार होता ना. पाणी बंद."

गुरुवारी नळाला पाणी नव्हतं आणि भिंत सुकली होती. म्हणजे भिंतीतलं पाणी आभाळातलं नव्हतं, नळाचं होतं. दीक्षाने हे लगेच दिग्विजयकाकांना फोन करून सांगितलं. ते खूप हसले आणि सुट्टीत चित्रकलेचा क्लास लाव म्हणाले. दीक्षाने फोन ठेवला, दात ओठ खाल्ले आणि चप्पल घातली.

तिघंही गच्चीवर गेले. नळाला पाणी आलेलं होतं. टाकी काठोकाठ भरली होती, तरी आत धार चालूच होती. पण गच्चीवर थेंब नव्हता आणि खाली अंगणातही नव्हता. टाकीच्या वरच्या कडेचा, जादा पाणी बाहेर सोडणारा पाइप कोपरासारखा वळवून एका जुन्या बिडाच्या पाइपात खुपसलेला होता. तो जुना पाइप पावसाच्या पाण्यासाठी होता आणि थेट हॉलच्या भिंतीत उतरत होता.

"असा कुणी वळवला?" संस्कृतीने विचारलं.

"तुझ्या आजोबांनी," दीक्षा म्हणाली. आता तिला सगळं आठवलं.

पूर्वी या पाइपाचं पाणी सरळ शेजारच्या अंगणात पडायचं. तिथे संस्कृतीचे आजोबा, दत्तप्रसादकाका, आपली स्कूटर लावत. त्यांनी कुंपणावर पाटी लावली होती: 'आपल्या टाकीचे पाणी आमच्या स्कूटरवर सोडण्यामागील हेतू कळवावा.' बाबांनी हेतू कळवला नाही. घाबरून दुसऱ्याच दिवशी प्लंबर आणला आणि पाइप वळवून घेतला.

यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. स्कूटरवर पाण्याचा ताशा वाजला की टाकी भरली असं समजून आई खालचा कॉक बंद करायची. पाइप वळवल्यापासून ताशा थांबला. आई तेव्हापासून म्हणत होती, हल्ली पाण्याला जोरच नाही, टाकी भरतच नाही. त्यामुळे कॉक नळ जाईपर्यंत उघडाच असायचा.

हे सांगून मोठी माणसं ऐकणार नव्हती. त्यांना दाखवायलाच हवं होतं. संस्कृतीकडे रंगपंचमीचा गुलाबी रंग तसाच पडून होता, कारण अंगणात रंग खेळण्याबद्दलही आजोबांची पाटी होती. शनिवारी पाणी गेल्यावर दीक्षाने सगळी पुडी जुन्या पाइपात रिकामी केली आणि वरून एक तांब्या ओतला.

संध्याकाळपर्यंत भिंतीला काहीही झालं नाही. सोनू लिफ्टमध्ये आरसा असेल का असं विचारू लागला. दीक्षा जेवलीसुद्धा नाही.

रविवारी सकाळी दिग्विजय मेहुण्याच्या स्कीमची माहिती घेऊन आले. शेजारधर्म म्हणून दत्तप्रसादकाकाही येऊन बसले. वर टाकी भरत होती. चहा आला. दीक्षा भिंतीसमोर उभी होती, हलायला तयार नव्हती.

"बाळ, बाजूला हो," बाबा म्हणाले. "मोठ्यांचं बोलणं चाललंय."

"बाबा, होकार देण्याआधी एकदा भिंतीकडे बघा."

बाबांनी बघितलं. कोकणच्या बाजूला एक गुलाबी ठिपका उमटला होता. तो पसरत पसरत पुण्यापर्यंत आला. चहा हातात घेऊन सगळे मराठवाडा गुलाबी होताना बघत राहिले.

"हे काय नवीन?" आई दारातून म्हणाली.

दीक्षाने सगळं सांगितलं, अगदी ताशापासून. आई बाहेर गेली आणि कॉक बंद करून आली. मग दीक्षाने दिग्विजयकाकांना एकच प्रश्न विचारला. तो पाइप खाली कुठे बाहेर पडतो?

दिग्विजयांनी भिंतीवर टिचकी मारली नाही. "पोर्चमध्ये एक भोक होतं खरं," ते सावकाश म्हणाले. "फरशा बसवताना बुजवलं मी. म्हटलं, उंदीर येतील."

छिन्नी आली. एक फरशी फुटली आणि पोर्चमध्ये गुलाबी पूर आला. "माझ्या आख्ख्या ऑफिसात एवढं डोकं नाही," असं बाबा म्हणाले. मांजरीचं राहू द्या, असंही त्यांनी दिग्विजयांना सांगितलं. "तर्क शुद्ध आहे. रेघ वाकडी आहे," असं म्हणून दत्तप्रसादकाकांनी दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. कॉलनीत त्यांनी याआधी कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नव्हतं.

आता पाइप पुन्हा सरळ करायला हवा होता. बाबांनी धीर गोळा केला.

"काका, तुमची हरकत नसेल तर पाणी थोडे दिवस परत तुमच्या बाजूला पडेल. स्कूटर तेवढी जरा सरकवाल का?"

"कुठली स्कूटर?" दत्तप्रसादकाका म्हणाले. "ती मागच्या दिवाळीतच भंगारात दिली."