साडीचं दुसरं टोक

बसा. दिवा जरा जवळ घ्या. साडी इतकी वर्षं नवी कशी राहिली, असं विचारलंत ना? मग ऐका. हातमागाच्या रेशमाला ऊन दाखवायचं नाही, सावलीतला वारा द्यायचा. अत्तर लावायचं ते अंगाला, साडीला नाही. ठेवायची ती सुती कापडात गुंडाळून. आणि मधूनमधून उलगडून घडी नव्या जागी घालायची, कारण एकाच घडीवर पडून राहिलं की रेशीम तिथेच चिरतं. बाकी सगळं एकटीला जमतं. घडी मात्र नीट जमत नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं.

माझ्या दुसऱ्या टोकाला थोरल्या जाऊबाई असायच्या.

ही साडी घ्यायला विणकराच्या घरी आम्ही दोघी एकदमच गेलो होतो. साडी निवडताना उलटी बाजू बघावी, तीही सुलट बाजूइतकीच देखणी हवी, हे मला त्यांनीच शिकवलं. त्या उलटी बाजू बघत बसल्या आणि मी साडी उचलली. गर्द जांभळी, काठ अंजिरी. विणकर बिचारा दोघींच्या तोंडाकडे बघत राहिला.

"दुसरी विणून देतो की," तो म्हणाला.

"अशीच?" जाऊबाईंनी विचारलं.

"हातचा रंग आहे बाई. अश्शीच कशी येईल?"

जाऊबाई हसल्या. "घे, धाकटे. तुझी पकड घट्ट आहे. मी माझं दुसरं काहीतरी घेईन."

पहिला हात माझा पडला होता. त्यात माझं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. एकाच घरात, एकाच ओट्याशी, तोंडं दोन दिशांना. पण बोलणं बंद असलं तरी घडी बंद नव्हती. मी साडी बाहेर काढली की त्या न बोलावता यायच्या, पदराचं टोक धरायच्या, काठाला काठ जुळवायच्या. आणि मग हिसका द्यायच्या. उजव्या हाताने, खालच्या बाजूला, माझ्या हातून टोक सुटावं असा. ते कधी सुटलं नाही. मग एक पाय ओढत माझ्यापर्यंत यायच्या आणि आपली टोकं माझ्या हातात कोंबायच्या. गुडघ्यांना चोळलेल्या निलगिरीच्या तेलाचा वास यायचा. डोळ्यांत नुसता जाळ.

त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी लेक त्यांच्याच मांडीवर वाढली. "काकू, काकू" करत दिवसभर त्यांच्या मागे. त्याचं मला काही वाटलं नाही. साडी माझ्या कपाटात होती.

गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या. मला रडू आलं नाही. साडी तेवढी तशीच पडून राहिली.

लेकीचं लग्न जवळ आलं, तिला हीच साडी नेसायची होती. एका दुपारी मी ती बाहेर काढली. घरात कुणी नव्हतं, लेक शिंप्याकडे ब्लाउज आणायला गेलेली. ऊन लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, त्यामुळे भरदुपारी घरात अंधार. पदराचं टोक आतल्या खोलीत पलंगाच्या खांबाला बांधलं आणि दाराच्या पडद्याखालून साडी सोडत बाहेरच्या खोलीत आले. माझ्या बाजूचे काठ जुळवले.

पडद्यापलीकडे साडी हळूहळू उचलली गेली. ताणली गेली. तिचेही काठ जुळले.

"आलीस का गं?" मी विचारलं. वाटलं, लेक मागच्या दाराने आली असेल.

पडद्याआडून आला तो नुसता निलगिरीचा वास.

आणि मग हिसका बसला. उजव्या बाजूने, खाली.

टोक सोडून पळावं, एवढंच करायचं होतं. पण मी सोडणाऱ्यातली नाही.

"मेलात तरी हाव सुटली नाही...?" मी म्हटलं. "ओढा. किती ओढायचं ते ओढा."

ओढ वाढली. जुन्या घडीवर कुठेतरी बारीक 'चर्र' झालं. मग साडी मधोमध सैल पडली. म्हणजे पलीकडचं माणूस टोकं द्यायला निघालं होतं. एक पाऊल... आणि एक ओढलेला पाय. एक पाऊल... पडदा पुढे आला, त्याच्यामागे कुणीतरी उभं राहिलं.

"सोड..." आतून आवाज आला.

"नाही."

"बघ हं... शेवटचं विचारते..."

"नाही सोडणार!"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. पडदा सपाट झाला. मी दार उघडलं तर लेक, हातात ब्लाउजची पिशवी. आत जाऊन पाहिलं तर पदर जमिनीवर पडलेला, खांब मोकळा. मला इतकं हायसं वाटलं, काय सांगू! मनात म्हटलं, जिंकले मी.

"ये, धर हे टोक," लेकीला म्हटलं. "घडी तेवढी घालू."

तिने आयुष्यात साडीची घडी घातली नव्हती. "मला नाही जमत" म्हणून नेहमी पळायची. शिवाय ती जन्माची डावखुरी. तिने पदर धरला, काठाला काठ जुळवले, आणि उजव्या हाताने खाली हिसका दिला.

मग एक पाय ओढत माझ्याकडे आली आणि टोकं माझ्या हातात कोंबली. तिची बोटं गार होती.

लग्न झालं. साडी तिला शोभली, सगळे तेच म्हणत होते. आता ती सासरी असते, साडी परत माझ्या कपाटात. नवऱ्याशी गोड, बापाशी गोड. माझ्याशी एक शब्द बोलत नाही. पण साडी काढायची वेळ झाली, की न बोलावता येते आणि दुसरं टोक धरते.

गेल्या खेपेला मी माझं टोक सोडून दिलं. तिच्या पाया पडले. म्हटलं, "घेऊन जा ही साडी. नेसा, जाळा, काय वाटेल ते करा. माझी पोरगी तेवढी द्या."

तिने जमिनीवरून माझं टोक उचललं, उजव्या हाताने झटकलं आणि माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

"असू दे, धाकटे," ती म्हणाली. "साडी तुझीच आहे."