मास्तरांचा कोट

मास्तरांच्या दुकानात मी आले तेव्हा मला कापड कापता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. त्याआधी मी तयार कपड्यांच्या कारखान्यात होते. तिथे माणसं लहान, मध्यम आणि मोठी अशी तीनच मापांची असतात. पुठ्ठ्याचा नमुना ठेवायचा आणि थप्प्यांच्या थप्प्या कापत सुटायचं. कारखाना बंद पडला आणि मी माझी टेप आणि माझा तोरा घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिले.

दुकान रस्त्याला लागूनच होतं. पुढे मोठी खिडकी, खिडकीशी कापायचं टेबल, त्याची कड पोट टेकून टेकून गुळगुळीत झालेली. मागे शिलाईची मशिनं. कोपऱ्यात उंच स्टुलावर मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, काजं करत बसलेल्या. गरम इस्त्रीचा आणि ओलसर लोकरीचा वास सगळीकडे. मास्तर कुणाला टेप लावत नसत. "जरा खिडकीपर्यंत जाऊन या," एवढंच म्हणत. गिऱ्हाईक गोंधळून जायचं, परत यायचं, आणि मास्तर खडू उचलायचे.

"आणि मापं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"घेतली की."

तयार झालेल्या कोटाला मी त्यांच्या नकळत टेप लावून पाहिली. गिऱ्हाइकाच्या अंगाशी सूतभर फरक निघाला नाही. मी टेप खिशात घातली. तोरा उतरायला थोडा जास्त वेळ लागला.

खरी गंमत शिवणीच्या आत होती. पुढे कपडा उसवून सैल करायची वेळ आलीच, तर म्हणून शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. कारखान्यात सगळ्यांना सारखीच माया, म्हणजे जवळजवळ नाहीच. मास्तर मात्र प्रत्येकाला वेगळी सोडायचे, आणि एकाच कोटात जागोजागी वेगळी. एका काटकुळ्या कारकुनाच्या कमरेला त्यांनी एवढी माया सोडली, की मी हसले. पुढच्या थंडीत तो कारकून पोट सांभाळत आत आला आणि मला हसू आवरावं लागलं. पोस्टमनच्या पाठीला सोडली होती. त्याला पोक आलं तेव्हा ती बरोबर लागली. एका मुलीच्या फक्त डाव्या बाहीला सोडली होती. तिचा हात मोडला, हाड जुळून आलं ते जाड, आणि तिच्या आईने बाही सैल करायला आणली.

मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आयुष्यभर माणसं न्याहाळलेली नजर आहे, चालण्यावरून सांधे ओळखत असेल. अशी नजर मला हवी होती. इतकी हवी होती, की रस्त्यात दिसेल त्याला मी मनातल्या मनात कापायला लागले.

मग बेकरीवाला आला. दांडगा, गुलाबी गालांचा, येता येता दाराला खांदा घासणारा. मुलीच्या लग्नासाठी त्याला कोट हवा होता. मास्तरांनी खडूची रेघ मारली आणि थेट रेघेला लागून कात्री चालवली. धागा धरेल एवढंच कापड उरलं.

"मास्तर, माया?"

"त्याला लागायची नाही."

लग्नात तो कोट बेकरीवाल्याला असा बसला, की लोक वळून बघत होते. पानगळ संपायच्या आत बेकरीला कुलूप लागलं. लोणी आणि साखर खाणारा माणूस, हृदय कधीतरी दगा देणारच, मी स्वतःला बजावलं. त्यानंतर एका तरुण शिक्षिकेच्या जॅकेटच्या कडा मी शिवायला घेतल्या. आत काहीच नव्हतं. सुई टोचायलाही जागा शोधावी लागली. बजावण्यासारखं मला या वेळी काही सुचलं नाही.

काकूंना मी हळूच विचारलं. त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"त्यांना विचारू नकोस. त्यांनाही ठाऊक नसतं. हात सोडतो तेवढी सोडतो, झालं."

तोवर मास्तरांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता. आधीचे दोन-चार शिकाऊ अर्ध्यावर सोडून गेलेले. मी उरले होते. मला जमलं नाही तर ही विद्या त्यांच्याबरोबर संपणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. ते चिडायचे नाहीत, त्याचंच जास्त ओझं व्हायचं. ते मला शेजारी उभं करायचे, माझा हात स्वतःच्या हाताखाली घ्यायचे आणि गिऱ्हाईक खिडकीकडे निघालं की म्हणायचे, "बघू नकोस. नुसतं येऊ दे."

एकदा त्यांनी वरचा हात काढून घेतला, तरी माझा खडू थांबला नाही. एका बाईच्या पोटापाशी मी भलतीच माया सोडली होती. काही महिन्यांनी ती लाजत लाजत कोट सैल करायला आली. मास्तर त्या दिवशी टेबलावर ताल धरून गुणगुणत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलंही आहे.

"आता शेवटचा धडा," मास्तर म्हणाले. "माझा कोट."

त्यांच्या गुरूंचा कोट त्यांनी कापला होता, गुरूंनी त्यांच्या गुरूंचा. टेप नाही, जुना कपडा समोर नाही. जमला तर कात्री शिष्याची. मास्तर खिडकीपर्यंत चालत गेले आणि परत आले. मी खडू उचलला.

खडू चालला. मग मी हातात कात्री घेतली आणि हात कुठे निघाला आहे ते मला कळलं.

मी हात ओढून घेतला. दात-ओठ खाऊन रेघेच्या बाहेरून कापलं. पाठीला बोटभर, कुशीत बोटभर, बाह्यांना बोटभर. आयुष्यात इतकं वाकडं मी कधी कापलं नव्हतं.

मास्तरांनी तुकडे हातात घेतले. कडेवरून अंगठा फिरवला. खडूच्या रेघेपर्यंत आला, थांबला, परत कडेला गेला.

"हे काय?"

"असू द्या, मास्तर. पुढे लागेल."

"हे तुझ्या हाताने नाही सोडलेलं. तू सोडलंयस."

काकूंची सुई थांबली.

"मला लाड नकोत गं," मास्तर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुला येतंय की नाही, तेवढं कळू दे. काप."

मी रडत रडत कापलं. कात्री मात्र जराही अडखळली नाही.

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. पाठ, कुशी, बाह्या. चेहरा असा उजळला, जसं पोर पहिल्यांदा चालल्यावर बापाचा उजळतो.

"आलं तुला," ते म्हणाले.

काकूंनी त्या कोटाची काजं केली. एकही टाका वाकडा नव्हता. मास्तर तो घालून रोज दुकानात यायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, की हा हिने कापलाय, हात लावून बघा. तो कोट उसवायची वेळ आली नाही.

आता टेबल माझं आहे. लोक लांबून येतात. मी त्यांना खिडकीपर्यंत चालायला सांगते, आणि हात सोडतो तेवढी माया सोडते. बेरकी गिऱ्हाईक असेल तर कापताना मध्येच काहीतरी विनोद करते. माझ्या मुलीला मात्र मी कायम बाजारातले तयार कपडे घेऊन दिले. शिंपिणीची पोरगी आणि अंगात कारखान्याचा माल, असं सगळे चिडवायचे. मी चिडवू दिलं.

ती मोठी झाली, दुकानात बसायला लागली. मी तिला शिवण शिकवली, काजं शिकवली, कापायला कधी बसवलं नाही. पण पोरं नुसतं पाहूनही उचलतात. परवा तिने माझ्यासमोर एक पुडकं ठेवलं. आत कोट होता, राखाडी लोकरीचा, माझ्यासाठी. कधी कापला ते मला कळलंही नव्हतं.

"टेप नाही लावली हं," ती म्हणाली. "तू नुसती खिडकीशी गेली होतीस, तेव्हा बघितलं."

मी तो घातला. खांदे, पाठ, मनगट, जिथल्या तिथे. मास्तरांनीही मान डोलावली असती. ती माझ्याभोवती फिरून बघत होती, आणि मला तिचं इतकं कौतुक वाटलं, की मी तिला जवळ ओढलं.

रोज तोच घालते. काढताना दोन्ही हात बटणांवरच ठेवते. कुशीच्या शिवणीवरून अंगठा अजून फिरवलेला नाही.