बावखलातले चेंडू

गोखिवऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मी पोटासाठी काय करतो, हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही. वॉचमनला वाटतं मी शेअर बाजारात आहे. सेक्रेटरी भेटले की क्रिकेटचा स्कोअर विचारतात. खरं तर मी घरात बसून, बनियनवर, एका क्रीडा संकेतस्थळासाठी गोल्फचे अंदाज लिहितो. गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात. ज्यांनी अजून एकही मेजर जिंकलेली नाही, त्यांच्यातला पुढचा विजेता कोण, हे सांगणं हा माझा खास प्रांत. माझी बायको विनया त्यांना पहिलटकर म्हणते.

मी गोल्फची काठी जन्मात हातात धरलेली नाही, मी आकडे धरतो. कुणाचं नशीब फळफळणार, कुणाचे ग्रह बदलले, असलं लिहिणाऱ्यांची मला चीड येते. माझे अंदाज चुकतात, पण का चुकले ते मला सांगता येतं. निदान यायचं.

या पहिलटकरांत माझा एक मित्रही होता. स्टीवन माणिकपूरचा, शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. त्याचे वडील बहरीनला एका गोल्फ क्लबात हिरवळ राखायला होते. दहावीनंतर तो तिकडे गेला, खेळ शिकला, व्यावसायिक झाला. दोनदा मेजर त्याच्या हातातोंडाशी येऊन निसटली होती. आता चाळिशी आली होती आणि पाठ दुखत होती. या वर्षी झालं नाही तर थांबायचं, असं त्याने आईला, डायनामावशीला, कबूल केलं होतं. दर स्पर्धेआधी त्याचा फोन यायचा.

"हर्ष्या, माझं नाव कधी टाकतोस?"

"आकडे म्हणतील तेव्हा."

"तुझे आकडे ना, एक नंबरचे खडूस आहेत साले!"

मला मनापासून वाटायचं की हा जिंकावा. पण वाटण्यावर मी लिहीत नाही.

या सगळ्यात बावखल कुठून आलं, ते सांगतो. माझे मामा, हरिभाऊ, वसईतल्याच नाळे गावी वाडीत राहतात. केळी, नारळ, थोडी पानवेल, आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं खोल तळं. शाळेत असताना आम्ही पोरं त्यात डुंबायचो. स्टीवन काठावर बसून आमचे कपडे सांभाळायचा. त्याला पोहता येत नव्हतं आणि अजूनही येत नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मामा बावखलातला गाळ काढून केळीच्या बुडाशी घालतात. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्या गाळात त्यांना एक गोल्फचा चेंडू मिळाला.

"तुझ्या धंद्यातला दिसतोय," म्हणत त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. अख्ख्या वसईत गोल्फचं मैदान नाही. कुणा पर्यटकाने फेकला असेल, असं म्हणून मी तो कागदांवर वजन म्हणून ठेवला. चेंडूवर पेनने तीन निळे ठिपके होते आणि खाली हिरवी रेघ. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून व्यावसायिक खेळाडू अशी खूण करतात. प्रत्येकाची वेगळी.

त्या वर्षीच्या शेवटच्या मेजरमध्ये हेंड्रिक वॉलबर्ग नावाचा, माझ्या यादीत कुठेच नसलेला माणूस आघाडीवर होता. कॅमेरा त्याच्या चेंडूजवळ गेला. तीन निळे ठिपके, खाली हिरवी रेघ. पुढच्याच फटक्याला तो चेंडू तळ्यात गेला. वॉलबर्गने दुसरा घेतला आणि तरीही जिंकला.

मी मेजावरच्या चेंडूकडे बघितलं आणि हसलो. योगायोगाचंही गणित असतं, ते मला येतं.

पुढच्या उन्हाळ्यात मामांना दुसरा चेंडू मिळाला. त्यावर लाल पतंग होता, शेपटीसकट. या वेळी मी फोटो धुंडाळले. खूण पार्क जे-हा या नवख्या पोराची निघाली. माझ्या आकड्यांत तो तळाला होता, म्हणून मी दुसऱ्याचंच नाव लिहिलं. पार्क जिंकला. लाल पतंगाचा चेंडू शेवटच्या दिवशी पाण्यात गेला, तेही मी डोळ्यांनी बघितलं. पतंगाशेजारच्या ओरखड्यासकट तोच चेंडू तेव्हा माझ्या मांडीवर होता.

"लिहायचं होतंस त्याचं नाव," विनया म्हणाली.

"आणि कारण काय देणार होतो? मामांच्या बावखलात सापडला?"

मला त्या रात्री भीती वाटली नाही, राग आला. कुणीतरी माझी टिंगल करतंय आणि कोण ते कळत नाही, तसा राग.

या वर्षी मामांनी फोनवर नुसतं "ये" म्हटलं. ओट्यावर गोणपाटावर दोन वस्तू होत्या. एक चेंडू, त्यावर जांभळ्या शाईतला छोटा मासा. ती खूण मला शोधावी लागली नाही. स्टीवन शाळेत वहीच्या कोपऱ्यात तोच मासा काढायचा.

आनंदाने मी तो चेंडू मुठीत घट्ट धरला. मग मी दुसरी वस्तू बघितली. डाव्या पायाचा पांढरा बूट, गोल्फचा. टाचेवर सोनेरी धाग्याने विणलेला तोच मासा. नाडी मात्र नव्हती. नाडीच्या जागी केळीच्या सोपटाची दोरी ओवलेली, घट्ट गाठ मारलेली.

आमच्याकडे वाळक्या सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीने, सगळं बांधतात, पानांच्या जुड्या, वेली, कुंपण. पण बूट?

मी तिथूनच स्टीवनला फोन लावला आणि सगळं सांगितलं, बुटासकट.

"पांढरे?" तो हसायला लागला. "मी लाइफमध्ये पांढरे घातले नाहीत रे. काळेच. चिखल दिसत नाही. आणि सोपट? मी काय पानवेल आहे बांधायला?"

मलाही हसू आलं. खरंच, जगातल्या कुठल्या मैदानावर बुटाला सोपट बांधतील? बूट त्याचा नव्हता, चेंडू त्याचा होता. एवढंच मी धरून ठेवलं.

आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडे बाजूला ठेवून मी नाव लिहिलं. स्टीवन. संपादकांनी विचारलं, आधार काय? मी म्हटलं, वाटतं.

जुलैत तो जिंकला. जांभळ्या माशाचा चेंडू शेवटच्या दिवशी तळ्यात गेला, तरीही एका फटक्याने जिंकला. डायनामावशी फोनवर नुसती रडत होती. मी आणि विनया लहान मुलांसारखे नाचलो.

बूट गॅलरीत होता. उन्हात ठेवूनही तो वाळला नव्हता. गॅलरीची हवाच दमट, असं मी म्हणत होतो.

सप्टेंबरात स्टीवनने फोटो पाठवला. बुटांच्या कंपनीने विजेत्यासाठी खास एकच जोड बनवला होता. पांढरा. टाचेवर सोनेरी मासा.

मी फोटो मोठा करून कितीदा बघितला, सांगता येणार नाही. नाड्या होत्या. पांढऱ्या, नव्याकोऱ्या नाड्या. मी विनयाला दाखवलं. तिने फोटो बघितला, गॅलरीकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याला वाडीत जाऊ देऊ नकोस."

मी त्याला तसं सांगितलं. "अरे हो बाबा, नाही जात," तो म्हणाला.

ऑक्टोबरात तो आला. माणिकपुरात बँड वाजला, फटाके फुटले, फादरनी आशीर्वाद दिला. दुपारी मी त्याच्या घरी पोचलो तर डायनामावशी एकटीच होती.

"हरिभाऊ स्वतः बोलवायला आले होते. मग नाही कसं म्हणणार? आत्ताच गेले दोघं."

मी स्टीवनला फोन लावला. उचलला नाही. मामांना लावला. मामा फोन घरीच ठेवतात.

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं आठवत नाही. नाळ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वाडीत शांत होतं. पावसाळा सरून बावखल काठोकाठ भरलेलं, वर शेवाळाचा हिरवा तवंग. लांबून ती खेळाची हिरवळच वाटली.

स्टीवन काठावरच्या दगडावर बसला होता. तिथेच, जिथे तो आमचे कपडे सांभाळायचा.

"आलास?" तो हसला. "बघ ना, वाडीतल्या पाण्याच्या पाटावरून उडी मारली नि नाडीच तुटली. मामांनी जुगाड केला."

मामा त्याच्या पायाशी उकिडवे बसले होते. डावा पाय, नवा पांढरा बूट, टाचेवर सोनेरी मासा. सोपटाचं टोक त्यांनी दातात धरून ओढलं आणि गाठ आवळली.

"काढ," मी म्हणालो. "स्टीवन, बूट काढ."

"काय झालं रे?"

मी गुडघ्यांवर बसलो आणि गाठीला हात घातला. सोपट गार होतं, ओलं होतं.

"भिजवून घेतलंय," मामा म्हणाले. "कोरडं तुटतं."

"कशात भिजवलं?"

"बावखलात. आणि कशात?"

मी नखांनी ओढत होतो. गाठ सुटत नव्हती.

घरी गॅलरीत ठेवलेल्या बुटाची गाठही मी उन्हाळ्यापासून कितीदा सोडवायला बघितली होती. ती अजून सुटलेली नाही.